बेकायदा बाग

महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या तालुक्यांच्या कोर्टांत उभी नोकरी करून साताऱ्यात स्थायिक झालेले एक निवृत्त दिवाणी न्यायाधीश दिवाळीनंतर नातीकडे चंदीगडला गेले. नात पंजाब विद्यापीठात एलएल.एम. करत होती. परीक्षा तोंडावर आली होती आणि ज्युरिसप्रुडन्सच्या पेपरातला पहिला प्रश्न वर्षानुवर्षं ठरलेला होता: कायदा म्हणजे काय?

"म्हणून दाखव," आबा म्हणाले.

नातीने एका दमात म्हणून दाखवलं. इंग्लंडचा जॉन ऑस्टिन, १८३२: सार्वभौम सत्तेची आज्ञा, आणि ती मोडली तर शिक्षा. जर्मनीचा साव्हिन्यी: कायदा कुणी करत नाही, तो लोकांच्या चालीरीतींतून उगवतो. अमेरिकेचे न्यायमूर्ती होम्स, १८९७: कोर्ट प्रत्यक्षात काय करेल याचा अंदाज, तोच कायदा. केल्सन: नियमांची उतरंड, प्रत्येक नियमाला वरच्या नियमाचा आधार. ऑक्सफर्डचे हार्ट, १९६१: दोन थरांचे नियम, एक माणसांनी कसं वागावं हे सांगणारे, दुसरे नियम कुणी करावेत, कसे बदलावेत आणि कसे ओळखावेत हे सांगणारे.

"आणि यातली खरी कुठली?"

"आबा, परीक्षेत सगळ्या लिहायच्या आणि शेवटी म्हणायचं, एकही व्याख्या परिपूर्ण नाही."

"माझ्यापुढे पक्षकार उभा असायचा. त्याला असं सांगून चालायचं नाही. एक काहीतरी ठरवून, सही करून द्यावं लागायचं." आबांनी कप खाली ठेवला. "इथली एखादी केस सांग. खरी घडलेली. तिच्यावर या सगळ्या घासून बघू."

नात थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "चला. हायकोर्टाला लागूनच आहे."

सेक्टर १ मध्ये या शहराची आखणी करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएने बांधलेलं पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय आहे. सगळ्या इमारतीला झाकणारं काँक्रीटचं प्रचंड छत, दारात हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन उंच खांब. इमारत १९५५ सालची. विधानसभा आणि सचिवालयासह हा सारा परिसर २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. या न्यायालयाच्या शेजारी, सुखना तलावाच्या अलीकडे, रॉक गार्डन आहे.

ती बाग केलेल्या माणसाचं नाव नेकचंद सैनी. १९४७ च्या फाळणीत त्याचं गाव पाकिस्तानात राहिलं. तो इकडे आला आणि पुढे चंदीगडच्या बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर म्हणून नोकरीला लागला. नवं शहर उभारायला तिथली जुनी गावं सरकारने संपादित केली होती. घरं पडली, अंगणं सपाट झाली, आणि मागे राहिला तो संसारांचा चुरा: फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, कौलं, फरश्या. शहर वाढत गेलं तसे त्यात फुटकी बेसिनं आणि विजेच्या सामानाचे तुकडेही आले. नेकचंद नोकरीवरून सुटला की सायकल काढायचा. हा चुरा गोळा करायचा, शिवालिकच्या पायथ्याच्या नाल्यांतून चित्रविचित्र आकारांचे दगड वेचायचा, आणि सगळं जंगलातल्या एका घळीत नेऊन ठेवायचा. ही गोष्ट १९५८ च्या सुमाराची.

ती घळ राखीव जंगलात होती. तिथे कसलंही बांधकाम करायला मनाई होती, आणि ज्या सरकारची ती मनाई त्याच सरकारचा हा नोकर. तो रात्री काम करायचा, उजेडाला जुने टायर पेटवायचा. चौक झाले, वाटा झाल्या, बांगड्यांच्या काचांचे झगे घातलेल्या बायकांच्या, नाचणाऱ्यांच्या, माकडांच्या, मोरांच्या रांगा उभ्या राहिल्या. जवळजवळ दीड तप कुणाला पत्ता नव्हता. १९७० च्या दशकात सरकारी माणसं जंगल साफ करत तिथवर पोचली तेव्हा समोर बारा एकरांचं एक राज्य उभं होतं.

सरकारी जागा, सरकारी मनाई, सरकारी नोकर आणि रात्रीचं काम. आबांनी जन्मभर हाताळलेल्या फायलींत यापेक्षा सरळ प्रकरण क्वचितच असेल. नियमाप्रमाणे उत्तर एकच होतं, पाडा. पण बातमी फुटली, लोक बघायला येऊ लागले, अधिकाऱ्यांतही दोन मतं झाली. १९७६ साली बाग सर्वांसाठी खुली करण्यात आली. नेकचंदला पगार, हुद्दा आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले. १९८४ साली त्याला पद्मश्री देण्यात आली.

बागेतली दारं मुद्दाम बुटकी केलेली आहेत. आत जायला प्रत्येकाला वाकावं लागतं. आबा एका दारातून वाकून पलीकडे गेले आणि कठड्यावर बसले.

"आता ऑस्टिनला विचार."

"ऑस्टिन म्हणेल बेकायदा. आज्ञा होती, ती मोडली."

"मग १९७६ साली?"

"सार्वभौमाने आज्ञा फिरवली. म्हणजे कायदेशीर."

"म्हणजे सत्तेच्या मनात असेल तसं. मी माहुलीच्या बाजूला वाढलो गं. मला हे कधी पटलं नाही."

सातारकराला हे का पटणार नाही हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशवाईतले न्यायाधीश. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि पेशवाईची वस्त्रं रघुनाथरावांच्या अंगावर आली. शास्त्रीबुवांनी चौकशी केली आणि त्याच रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. ऑस्टिनच्या मांडणीत हे बसतच नाही. ज्याची आज्ञा म्हणजे कायदा, त्याच्याच तोंडावर न्यायाधीश कायदा सांगतो आहे, आणि ज्यांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांच्यापैकी एकालाही वाटलं नाही की शास्त्रीबुवांनी कायदा मोडला. शाळेच्या पुस्तकातून हा प्रसंग वाचलेल्या मराठी मुलाला ऑस्टिनचं अपुरेपण ऑस्टिनच्या आधी कळलेलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

"होम्स?"

"अधिकारी काय करतील ते पाहा, म्हणेल."

"पण इथे अधिकाऱ्यांनाच कळत नव्हतं काय करावं. ज्याने ठरवायचं त्याला, तू काय ठरवशील याचा अंदाज म्हणजे कायदा, असं सांगून त्याची काय सोय होणार? मी रात्री निकालपत्र लिहीत बसायचो तेव्हा उद्या मी काय लिहीन याचा अंदाज बांधत नव्हतो. काय लिहिणं बरोबर आहे ते शोधत होतो."

नातीने मग हार्ट आणि फुलर यांचा वाद सांगितला. तो तिचा आवडता. १९५८ साली हार्ट यांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात एक प्रश्न मांडला. बागेत वाहन आणायला मनाई आहे. मोटार अडवायची यात शंका नाही. पण लहान मुलाची खेळण्यातली गाडी? हार्ट म्हणाले, नियमाचा गाभा स्पष्ट असतो, कडेला संधिप्रकाश असतो, आणि तिथे न्यायाधीशाला निवड करावी लागते. त्यांना उत्तर दिलं अमेरिकेच्या लॉन फुलर यांनी. महायुद्धात वापरलेला ट्रक बागेत चौथऱ्यावर स्मारक म्हणून उभा करायचा असेल तर? शब्दाने तो वाहनच आहे. पण मनाई कशासाठी केली हे विचारल्याशिवाय एकाही शब्दाचा अर्थ लागत नाही, अगदी गाभ्यातल्याही नाही.

"आणि त्याच सुमाराला," नात म्हणाली, "इथे एक माणूस सायकलवरून जंगलात दगड आणत होता."

फुलरच्या वाटेने गेलं तर नेकचंदची बाजू भक्कम होते. बांधकामाला मनाई कशासाठी? जंगल राहावं, जागा कुणी बळकावू नये, शहराला मोकळा श्वास मिळावा यासाठी. नेकचंदने जागा स्वतःच्या नावावर केली नाही, भाडं घेतलं नाही, जंगल सपाट केलं नाही. मनाईचे शब्द त्याने मोडले, हेतू बराचसा पाळला.

आबांनी मान हलवली, पण लगेच नातीला थांबवलं. "हेतू सगळ्यांनाच सापडतो. माझ्याकडे अतिक्रमण करून आलेल्या प्रत्येकाचा हेतू उदात्त होता."

या शहराच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरं आहे. कॉर्ब्युझिएने एकेका कुटुंबासाठी आखलेल्या घरांचे मजले वेगवेगळ्या मालकांना विकायचा धंदा चंदीगडमध्ये जोरात होता आणि प्रशासनाने त्याकडे काणाडोळा केला होता. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेक्टर १ ते ३० या जुन्या भागात तो प्रकार बंद पाडला. निकाल लिहिला अमरावतीच्या न्यायमूर्ती भूषण गवई यांनी. आधी कायदा धाब्यावर बसवायचा आणि मग लोकांची गरज पुढे करायची, हे चाललं असतं तर शहराच्या या शांत, हिरव्या भागाचं काय झालं असतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून नेकचंदची गोष्ट सांगताना नियमावर नाक मुरडून चालत नाही. तो नियम चांगलाच होता.

दोघं बागेच्या कडेच्या रस्त्याला आले. इथली भिंतसुद्धा नेकचंदच्या कामाचाच भाग. १९९० च्या सुमारास बागेचा एक भाग पाडायला बुलडोझर आले होते, तेव्हा चंदीगडची माणसं साखळी करून आडवी उभी राहिली. प्रकरण कोर्टात गेलं आणि बाग वाचली. पुढे १२ जून २०१५ रोजी नेकचंद वारला. २०२५ च्या सुरुवातीला, उच्च न्यायालयाकडे येणाऱ्या वाहनांसाठी रस्ता रुंद करायचा आणि गाड्या लावायला जागा करायची म्हणून प्रशासनाने भिंतीचा एक भाग पाडला. लोक पुन्हा विरोधाला उभे राहिले होते, या वेळी भिंत पडली. हार्ट यांनी कल्पनेतल्या बागेविषयी विचारलेला प्रश्न इथे खरोखरीच्या बागेच्या दारात येऊन उभा राहिला होता.

नात बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आबा, मला बागेबद्दल तक्रार नाही. मला कॉलनी नंबर चारचा प्रश्न पडतो."

कॉलनी नंबर चार ही चंदीगडच्या औद्योगिक भागातली मजुरांची वस्ती. १ मे २०२२ रोजी, आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि जगभर कामगार दिन असतो त्या दिवशी, ती जमीनदोस्त करण्यात आली. २००६ च्या सर्वेक्षणात ज्यांची नावं होती त्यांच्यासाठी लहान सदनिकांची योजना होती. ज्यांची नावं नव्हती त्यांना ते दार बंद होतं.

"जागा सरकारी, बांधकाम विनापरवाना. नेकचंदचंही तेच," नात म्हणाली. "त्याची बाग सुंदर होती म्हणून वाचली. झोपडी सुंदर नसते. मग कायदा म्हणजे काय, सुंदर गोष्टींना सूट? फुलरने रेक्स नावाच्या राजाची गोष्ट सांगितली आहे. त्याला उत्तम कायदे करायचे असतात आणि तो आठ तऱ्हांनी फसतो. नियमच करत नाही, केले ते लपवून ठेवतो, मागच्या तारखेपासून लावतो, कुणाला समजणार नाहीत असे लिहितो, एकमेकांना छेद देणारे करतो, पाळता येणार नाहीत असे करतो, रोज बदलतो, आणि आठवी चूक म्हणजे लिहितो एक आणि वागतो दुसरंच. फुलर म्हणतो, यातली एक जरी पुरती घडली तरी ते वाईट कायदे होत नाहीत, ते कायदेच होत नाहीत. इथे आठवी चूक नाही का झाली?"

या प्रश्नाला आबांनी व्याख्येने उत्तर दिलं नाही. त्यांनी स्वतःच्या कोर्टातली एक दरखास्त सांगितली.

एका तालुक्याला ते नवे होते. एका घरमालकाचा एका विधवा म्हातारीविरुद्ध हुकूमनामा झालेला होता. एकतर्फी, कारण ती हजरच झाली नव्हती. घरमालकाने अंमलबजावणीची दरखास्त दाखल केली, आबांनी कब्जा वॉरंट काढलं. बेलिफ गेला तर म्हातारी विचारू लागली, दावा झाला कधी? दुसऱ्या दिवशी ती कोर्टात आली. कागद काढून पाहिले. समन्स दारावर चिकटवल्याचा अहवाल होता, पण घर क्रमांक दुसराच. आबांनी हुकूमनामा रद्द केला आणि दावा पुन्हा सुरू केला. म्हातारीने कैफियत दिली, साक्ष दिली, उलटतपासणीला उभी राहिली. नवऱ्याने पंचवीस वर्षं भाडं भरल्याच्या पावत्या तिने आणल्या, पण शेवटच्या काही वर्षांच्या नव्हत्या. निकाल पुन्हा तिच्या विरुद्ध गेला. तिने दोन महिन्यांची मुदत मागितली, ती मिळाली, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिने किल्ली स्वतः आणून कोर्टात दिली.

"मी तिला म्हणालो, बाई, वाईट वाटतं. ती म्हणाली, साहेब, आता मला समजलं घर का गेलं ते. त्या दिवशी नुसता बेलिफ दिसला होता." आबा थोडे थांबले. "दोन्ही हुकूमनाम्यांतला शेवटचा परिच्छेद जवळजवळ सारखाच आहे. पण पहिला नुसता हुकूम होता. दुसरा कायदा होता."

"म्हणजे ऐकून घेतलं की पाडायला मोकळे?"

"नाही. ऐकून घेतलं की उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिलं की ते कागदावर राहतं. कागदावर राहिलं की उद्या दुसरा कुणी ते घेऊन येतो आणि म्हणतो, याला सोडलंत, मग मला का नाही? नेकचंदला सोडलं ते चांगलंच झालं. पण लोकांना त्याची बाग आवडली म्हणून सोडलं असेल तर ती मेहेरबानी. जागा खाजगी केली नाही, लोकांच्या उपयोगाची आहे, काढल्याने नुकसानच जास्त आहे, म्हणून सोडलं असेल तर ते कारण. आणि कारण एकट्या नेकचंदचं राहत नाही. या शहराच्या विटा वाहणारा मजूरही ते पुढे करू शकतो. कदाचित तो हरेल. पण त्याला हरवायला तुम्हाला तोंड उघडावं लागेल."

नातीला मुंबईची केस आठवली. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरच्या झोपड्या हटवून माणसांना शहराबाहेर पाठवायचं सरकारने ठरवलं. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि खुद्द पदपथावर राहणारी माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८५ च्या जुलैमध्ये पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्या निकालाने सांगितलं. पदपथ अडवायचा हक्क मात्र कुणाला नाही, हेही सांगितलं, आणि पावसाळा संपून महिना होईपर्यंत झोपड्यांना हात लावू दिला नाही. त्या निकालातला एक भाग नेहमी मागे पडतो. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३१४ प्रमाणे आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढता येत होतं. न्यायालय म्हणालं, नोटीस न देण्याची मुभा आहे याचा अर्थ ऐकून घेऊच नका असा हुकूम नव्हे. ऐकून घेणं हा नियम आहे, न ऐकणं हा क्वचितचा अपवाद.

माझ्या मते कायद्याच्या स्वरूपाविषयी भारतात लिहिल्या गेलेल्या सर्वांत मोलाच्या ओळींत ही ओळ धरली पाहिजे. तिच्यात आज्ञा आहे, नियमांची उतरंड आहे, हेतू आहे. पण शिवाय ज्याच्यावर कायदा चालवायचा तो माणूस आहे, आणि तो बोलतो आहे. ऑस्टिनच्या व्याख्येत तो फक्त आज्ञा पाळतो किंवा शिक्षा भोगतो. होम्सच्या व्याख्येत तो अंदाज बांधतो. म्हातारीला हवं होतं ते यांपैकी कुठल्याच व्याख्येत नव्हतं.

परतताना आबांनी एवढंच विचारलं, "परीक्षेत हे लिहिशील?"

"लिहीन," नात म्हणाली. "व्याख्या सगळ्या लिहीन आणि मग किल्ली आणून देणाऱ्या बाईंचं लिहीन."

बुलडोझरच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल आज लागू आहे. न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांचा. बांधकाम पाडण्याआधी कारणं देणारी नोटीस, किमान १५ दिवसांची मुदत, म्हणणं मांडायची संधी आणि कारणांसह लेखी आदेश, एवढं त्यात बंधनकारक केलं आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागांवरची विनापरवाना बांधकामं आणि कोर्टाच्या हुकमाने होणारी पाडकामं त्यातून वगळली आहेत. म्हणजे सर्वांत गरीब माणूस बहुधा या १५ दिवसांच्या बाहेरच राहतो, आणि त्याच्या हाती १९८५ चा मुंबईचा निकालच उरतो. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत उद्या बुलडोझर उभा राहिला तर कुणाची बाजू घ्यायची ते नंतर ठरवा. आधी तिथल्या अधिकाऱ्याला विचारा: नोटीस कधी दिली, आणि या माणसाचं म्हणणं कुणी लिहून घेतलं? तो कागद पाहायला मागा.